ती पिवळी, छोटी, मधे रेघ असलेली

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास कुठल्याही मेडिकलसमोर उभं राहावं, तिथे चिठ्ठीवाचनाचा सामुदायिक कार्यक्रम रंगलेला असतो. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे सरकवतं. काउंटरवरचा पोरगा ती सरळ धरतो, तिरकी धरतो, ट्यूबलाइटकडे नेतो आणि शेवटी आत हाक मारतो, "शेठ, जरा बघा हो." शेठ चष्मा कपाळावर सरकवत बाहेर येतात. रांगेत मागे उभे असलेले दोघेतिघे माना लांब करून आपापलं मत तयार ठेवतात.

"पहिलं अक्षर पी वाटतंय. शेवटी चाळीस दिसतात."

"चिठ्ठी कुणाची?"

"बँकेच्या वरच्या डॉक्टरांची."

"मग पॅन-४०. ते सगळ्यांनाच देतात."

म्हणजे शेठ अक्षर वाचत नाहीत, डॉक्टर वाचतात. वीस वर्षं एकाच नाक्यावर काढल्यावर कुठला डॉक्टर कुठल्या ऋतूत काय लिहितो हे त्यांना तोंडपाठ असतं. पंचाईत होते ती हीच चिठ्ठी घेऊन पेशंट सुट्टीत चिपळूणला गेल्यावर. तिथल्या मेडिकलवाल्याला या डॉक्टरांचा पूर्वेतिहास माहीत नसतो. मग तो उलटीकडून सुरुवात करतो.

"तुम्हाला होतंय काय?"

"गुडघे दुखतात."

"आणि जळजळ?"

"होते की. तळलेलं खाल्लं की होतेच."

"मग ही पॅन-४० असणार."

जळजळ होत नाही असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्माला यायचा असल्यामुळे ही पद्धत सहसा फसत नाही. फसते तेव्हा मात्र चिठ्ठीतली दुसरी गोळी काय होती, याचा पत्ता कुणालाच लागत नाही.

वास्तविक यावर नियम आहे. मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१६ मध्ये आपल्या आचारसंहितेत दुरुस्ती केली: डॉक्टरांनी औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं. त्यातला 'शक्यतो' तेवढा देशभरातल्या डॉक्टरांनी अचूक वाचला. पुढे २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात एका जामीनअर्जाच्या सुनावणीत डॉक्टरांचा अहवाल समोर आला आणि न्यायमूर्तींना त्यातला एक शब्दही लागेना. तेव्हा न्यायालयाने वाचता येण्याजोगी चिठ्ठी हा रुग्णाच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. आपल्याकडे एखादी गोष्ट मूलभूत हक्कात गेली की ती मिळण्याची घाई संपते, पण ते असो.

अक्षराचा हा विषय हसण्यावारी नेण्याची जगभर रीत आहे. अमेरिकेत टेक्सासमधल्या ओडेसा गावात १९९५ मध्ये एका डॉक्टरांनी छातीदुखीसाठी आयसॉर्डिल लिहिली, २० मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा. फार्मासिस्टने वाचली प्लेंडिल. ती रक्तदाबाची गोळी, आणि तिचा दिवसाचा कमाल डोस १० मिलिग्रॅम. पेशंट आज्ञाधारक होता. सांगितल्याप्रमाणे त्याने गोळ्या घेतल्या, म्हणजे मर्यादेच्या आठपट, आणि काही दिवसांत तो हृदयविकाराच्या झटक्याने गेला. १९९९ मध्ये ज्यूरीने साडेचार लाख डॉलरची भरपाई ठरवली आणि लिहिणारा व वाचणारा दोघांनाही जबाबदार धरलं. एक फोन केला असता तर वाचलं असतं सगळं. पण फोन करायचा म्हणजे डॉक्टरांना 'तुमचं अक्षर लागत नाही' असं सांगायचं, आणि हे सांगण्याचं धाडस टेक्सासपासून टिटवाळ्यापर्यंत फारसं कुणात नसतं.

अक्षर सुधारलं तरी नावं आहेतच. औषधाला नाव ठेवणारी माणसं एका खोलीत कोंडून, एकच बाराखडी देऊन बसवलेली असावीत असा संशय घ्यायला जागा आहे. अ‍ॅसिडिटीचं लोसेक अमेरिकेत आलं तेव्हा त्याची लघवी वाढवणाऱ्या लेसिक्सशी गल्लत होऊ लागली. पोट शांत व्हावं म्हणून गोळी घेणारा माणूस रात्रभर संडासाच्या वाऱ्या करणार, हे काही बरं नव्हे. म्हणून १९९० मध्ये त्याचं नाव बदलून प्रायलोसेक केलं. कंपनीने हुश्श केलं असेल नसेल, तोवर प्रायलोसेकची गल्लत मन उदास झाल्यावर द्यायच्या प्रोझॅकशी होऊ लागली. विस्मरणाच्या आजारावरचं रेमिनिल आणि मधुमेहावरचं अमारिल यांची तर जिवावर बेतणारी अदलाबदल झाली. ज्याला आधीच काही आठवत नाही त्या पेशंटने 'ही माझी नेहमीची गोळी नव्हे' असं कसं म्हणायचं? २००५ मध्ये रेमिनिलचं रॅझाडाइन झालं.

आपल्याकडे नाव बदलण्यापेक्षा कोर्टात जाण्याची परंपरा जुनी. मेंदूच्या मलेरियावरच्या फॅल्सिगो आणि फॅल्सिटॅब या दोन औषधांच्या नावांवरून एकाच मूळ घराण्यातल्या दोन कंपन्या भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २००१ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं की साबण किंवा कापडाच्या नावात गोंधळ झाला तर पैसे बुडतात, औषधाच्या नावात झाला तर माणूस. त्यामुळे औषधांच्या बाबतीत नामसाधर्म्याची परीक्षा जास्त कडक हवी. त्यानंतर अठरा वर्षांनी, २०१९ मध्ये, नियम आला की नवं ब्रँडनाव घेताना ते आधीच्या कुठल्याही नावासारखं नाही असं कंपनीने लिहून द्यायचं. तपासायचं कुणी? ज्याला नाव हवंय त्यानेच. लग्नाळू मुलाच्या आईनेच त्याच्या स्वभावाचा दाखला द्यावा, तसं हे आहे.

इथवरचा दोष डॉक्टर, कंपनी आणि दुकानदार यांच्यात वाटून टाकता येतो आणि पेशंट लोक तो आनंदाने वाटतातही. पण गोळी एकदा घरात आली की खरा स्वयंपाक सुरू होतो.

प्रत्येक मराठी घरात औषधांचा एक डबा असतो. हा डबा मूळचा बिस्किटांचा किंवा आइस्क्रीमचा. त्यात गेल्या तीन आजारपणांतल्या उरलेल्या गोळ्या, झाकण चिकटलेली कफ सिरपची बाटली, एक थर्मामीटर आणि कधीतरी लागेल म्हणून ठेवलेला इलॅस्टिक बँडेजचा तुकडा असतो. सगळ्या स्ट्रिपा अर्ध्या कापलेल्या. मेडिकलवाला चारच गोळ्या हव्यात म्हटल्यावर कात्री चालवतो, आणि एक्सपायरीची तारीख ज्या टोकाला छापलेली असते ते टोक हमखास दुसऱ्याच्या घरी जातं. उरलेल्या तुकड्यावर नावातली मधली चार अक्षरं आणि 'मुलांपासून दूर ठेवा' एवढा मजकूर शिल्लक राहतो. घरातली वडीलधारी मंडळी त्या चार अक्षरांवरून निदान करतात.

"ही कशाची गं?"

"ती पांढरी होय? तापाची."

"तापाची लांबट असते. ही गोल आहे."

"मग पोटाची असेल. घे, काही होत नाही."

'काही होत नाही' हे या देशातलं सर्वाधिक वापरलं जाणारं औषध-माहितीपत्रक आहे.

आजोबांचा हिशेब रंगावर चालतो. रक्तदाबाची म्हणजे 'ती पिवळी, छोटी, मधे रेघ असलेली'. नाव विचारलं तर ते चिडतात. नाव लक्षात ठेवायला त्यांनी मुलगा वाढवलाय. एकदा मेडिकलमध्ये पिवळी शिल्लक नसते. मेडिकलवाला गुलाबी देतो आणि म्हणतो, "तेच आहे काका, कंपनी वेगळी." आतलं औषध खरोखरच तेच असतं, मिलिग्रॅमसकट. पण आजोबांच्या मते पिवळी ती पिवळी आणि गुलाबी ती गुलाबी. डॉक्टरांनी आणखी एक वाढवलेली दिसते, असं समजून ते चार दिवस सकाळी दोन्ही घेतात. पाचव्या दिवशी खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात धावपळ होते, लिंबू सरबत येतं, उन्हात गेल्याबद्दल बोलणी बसतात. मुलगा फोटो काढून डॉक्टरांना पाठवतो तेव्हा उलगडा होतो.

"अहो बाबा, दोन्ही एकच आहेत!"

"एकच आहेत तर दोन रंग कशाला दिले?"

या प्रश्नाला औषधशास्त्रात उत्तर नाही.

तापाच्या गोळीची तऱ्हा तीच, फक्त कुटुंब मोठं. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही तीन नावं एकाच डब्यात गुण्यागोविंदाने नांदतात आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असतं. घरातल्या हुशार मेंबराने सकाळी क्रोसिन घेतलेली असते. ताप उतरला नाही म्हणून दोन तासांनी 'जरा स्ट्राँग' म्हणून डोलो. नाक गळतंय म्हणून सर्दीची वेगळी गोळी, आणि बहुतेक सर्दीच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतंच. संध्याकाळी अंग दुखतं म्हणून शेजारच्या काकू कौतुकाने आणखी एक देतात, तीही 'आमच्याकडची, फार छान आहे'. तंदुरुस्त प्रौढ माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, आणि त्यापुढे यकृताला त्रास सुरू होतो. आपण एका दिवसात चार वेगवेगळी औषधं घेतली याचा या गृहस्थाला अभिमान वाटत असतो. यकृताला मात्र एकच औषध चार वेळा आल्याचं कळतं. त्याला ब्रँड वाचता येत नाहीत.

पातळ औषधांत तर चमचा हाच मोठा घोटाळा. बाटलीवर ५ मिलिलिटर लिहिलेलं असतं, बाटलीच्या टोपणावर खुणाही असतात, पण टोपण धुवायला टाकल्यावर दुसऱ्या दिवशी सापडत नाही. मग एक चमचा म्हणजे कुठला यावर घरात बैठक बसते. चहाचा, पोह्यांचा, की लग्नात आलेल्या सेटमधला तो खोलगट? ५ मिलिलिटरचा अंदाज आजीच्या हातून तीन मिलिलिटर होतो आणि बाबांच्या हातून आठ. लहान बाळाच्या वजनाला तीन आणि आठ यातला फरक पुष्कळ असतो. अँटिबायोटिकच्या ड्राय सिरपची कथा आणखी निराळी. बाटलीत पूड असते. उकळून गार केलेलं पाणी बाणाच्या खुणेपर्यंत घालायचं, हलवायचं, फेस बसला की पुन्हा खुणेपर्यंत भरायचं, आणि आठवडाभरात संपवायचं. काही काटकसरी घरांत बाण ओलांडून गळ्यापर्यंत पाणी घालतात, म्हणजे पुरवठ्याला येतं. काही घरांत ते पुढच्या सर्दीसाठी फ्रिजच्या दारात ठेवतात, लोणच्याच्या बाटलीशेजारी, महिना महिना.

या बाबतीत जुन्या कंपाउंडरबुवांना मानलं पाहिजे. पेशंटने घरून धुऊन आणलेल्या बाटलीत ते लाल मिक्श्चर भरायचे आणि बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचे, कडेला कात्रीने दात कापलेली. एक दात, एक डोस. चमचा नको, मिलिलिटर नको, वाचता येणंही नको. त्या मिक्श्चरात काय असायचं हे परमेश्वर आणि कंपाउंडर यांनाच ठाऊक, पण ते किती घ्यायचं याबद्दल महाराष्ट्रात कधी मतभेद झाले नाहीत.

आता कंपाउंडर गेले आणि फार्मासिस्ट आले. ते निदान भिंतीवर तरी आले. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टनेच चिठ्ठीवरचं औषध द्यायचं. पुष्कळ दुकानांत त्यांचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये रोज हजर असतं, उदबत्तीसुद्धा लावलेली असते. मूळ व्यक्ती दुसऱ्या गावी दुसरी नोकरी करत असते. २०१२ च्या सुमारास महाराष्ट्राच्या एफडीएने 'फार्मासिस्ट नसेल तर विक्री नाही' असा आग्रह धरला, तेव्हा केमिस्ट मंडळींत एवढी खळबळ माजली की फोटोतल्या माणसाला खरोखर दुकानात बसवायचं ही कल्पनाच कुणी केली नव्हती असं वाटावं.

खरं म्हणजे त्या खुर्चीत माणूस असला तर दोन वाक्यांत केवढं काम होतं! दम्याच्या रोटाकॅपचंच घ्या. दिसायला ती हुबेहूब कॅप्सूल. ती यंत्रात घालून, फिरवून, आतली पूड श्वासाने ओढायची असते. ज्याला हे कुणी दाखवलंच नाही तो काय करणार?

"दम कमी झाला का?"

"नाही डॉक्टर. पण मी एक दिवस चुकवली नाही. सकाळी एक, रात्री एक."

"ओढताना खोकला येतो?"

"ओढायचं काय त्यात? पाण्याबरोबर घेतो. चावत नाही बिलकुल."

"आणि ते यंत्र दिलं होतं ते?"

"ते आहे की जपून ठेवलेलं. नातू खेळतो."

गिळलेल्या रोटाकॅपने फारसा अपाय होत नाही, दमाही हलत नाही. इन्सुलिन मात्र इतकं क्षमाशील नाही. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरला ४० युनिटचं, आणि पेनमधलं १०० युनिटचं. त्यासाठी सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, केशरी टोपीची १०० ची. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात लाल आणि केशरी ओळखून दाखवणाऱ्याला बक्षीस द्यायला हरकत नाही. शंभरचं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात वीस नव्हे, पन्नास युनिट जातात. उलट केलं तर वीसच्या जागी आठ, आणि साखर का उतरत नाही म्हणून आंब्यावर संशय.

एका बाबतीत मात्र विनोद सुचत नाही, ती म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. वेंधळा माणूस त्यात वाचतो, कारण तो एखादी विसरतो. अडकतो तो नेमाचा माणूस, ज्याला 'औषध म्हणजे रोज' हे पन्नास वर्षांच्या संस्काराने पटलेलं आहे. तो रोज घेतो. आठवडाभरात तोंड आतून सोलपटून निघतं, रक्तातल्या पेशी घसरतात. जगभर यात माणसं गेली आहेत, भारतातही. जाणते डॉक्टर म्हणून वारच लिहून देतात: 'फक्त रविवारी'. त्यावरही एका आजींनी विचारल्याचं सांगतात, "आणि सोमवारपासून कुठली?"

विचारलं ते बरं केलं म्हणायचं, कारण बाकी कुणी विचारतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये बॉनमध्ये मोहीम जाहीर केली की औषधांच्या टाळता येण्याजोग्या चुकांमुळे होणारी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची. या चुकांचा जगाला बसणारा भुर्दंड वर्षाला ४२ अब्ज डॉलर, असा त्यांचा अंदाज होता. मोहिमेत पेशंटसाठी प्रश्नांची यादीही आहे: हे औषध कशासाठी, कधी घ्यायचं, किती दिवस, माझ्या बाकीच्या औषधांशी जुळतं का, चुकलं तर काय करू. यादी झकास आहे. ती तयार करणाऱ्यांनी आपल्याकडची सोमवार सकाळची ओपीडी पाहिलेली नसावी. बाहेर चाळीस नंबर, आत डॉक्टरांचा एक डोळा घड्याळावर, दारात कंपाउंडरचा वारस 'चला, पुढचे' म्हणत उभा. अशा वेळी 'माझ्या बाकीच्या औषधांशी हे जुळतं का' असं विचारायला माणूस वकील तरी असावा लागतो किंवा डॉक्टरांचा सासरा. सामान्य पेशंट 'हो हो, कळलं' म्हणतो, बाहेर येतो आणि चप्पल घालता घालता बायकोला विचारतो, "काय म्हणाले गं?" ती म्हणते, "मला वाटलं तुम्ही ऐकताय."

चिठ्ठीबाहेरचे डॉक्टर तर निराळेच. साडूला गुण आलेली गोळी, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो, बिल्डिंगमधल्या निवृत्त बँक मॅनेजरांचा 'तीन दिवस घ्या, मोकळे व्हाल' हा सल्ला. २०१६ पासून अँटिबायोटिकच्या पाकिटावरच्या उभ्या लाल रेघेचा प्रचार सुरू आहे की ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या रेघेमुळे एवढं झालं, की साडूला फोनवर गोळीची खूण सांगायला सोपं पडू लागलं.

शहरातल्या मोठ्या दवाखान्यांत आता चिठ्ठ्या छापून मिळतात. अक्षराचा प्रश्न मिटला. फक्त कॉम्प्युटरवर नावाची पहिली तीन अक्षरं टाकली की खाली वीस नावांची यादी उलगडते, आणि घाईत बोट एक ओळ खाली पडलं की तेच टपोऱ्या, सुवाच्य टायपात छापून येतं. पूर्वी मेडिकलवाला अक्षर लागत नाही म्हणून थबकायचा तरी. आता थबकायचं कारणच उरलं नाही.

काही चिकाटीचे डॉक्टर अलीकडे पेशंटकडून उजळणी करून घेतात. नुसतं 'कळलं ना?' विचारत नाहीत, 'आता तुम्ही मला सांगा' म्हणतात. उपाय साधा आहे आणि चांगला आहे. अशाच एका दवाखान्यात सत्तरीच्या एका काकांची तोंडी परीक्षा चालली होती.

"सांगा काका, सकाळी कुठली?"

"टेलमिसार्टन, ४० मिलिग्रॅम. नाश्त्यानंतर."

"वा! साखरेची?"

"मेटफॉर्मिन, ५००. सकाळी आणि रात्री, जेवणाबरोबर. चुकली तर नंतर डबल घ्यायची नाही."

"शाब्बास! आणि ही नवीन?"

"रात्री झोपताना, अर्धी. पंधरा दिवसांनी दाखवायला यायचं."

डॉक्टर खूश झाले. बाहेरच्या रिसेप्शनिस्टला बोलावून म्हणाले, "बघ, असा पेशंट हवा. मग काका, आज रात्रीपासून सुरू ना?"

"छे, आज कसं?" काका म्हणाले. "घरी मागच्या डॉक्टरांच्या महिनाभर पुरतील एवढ्या पडल्यात. त्या आधी संपवतो."